पाम तेल कारखान्यातील टाकाऊ माल: जाळावा, विकावा की बागेत परत न्यावा?

तेलताडाचे एक टन ताजे घड कारखान्यात येतात, तेव्हा त्यांतून साधारण २०० ते २२० किलो कच्चे पाम तेल आणि ५० किलोंच्या आसपास गिरी हाती लागते. उरतात ते फळे काढून घेतलेले सुमारे २२० किलो रिकामे घड, १२० ते १४० किलो गराचे तंतू, ५० ते ७० किलो बियांची करवंटी आणि घड वाफवण्यासाठी व तेल निवळण्यासाठी वापरलेल्या पाण्यातून तयार झालेले ०.६ ते ०.७ घनमीटर दाट, तपकिरी सांडपाणी. जगातील पाम तेलापैकी सुमारे ८५ टक्के तेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांत निघते, त्यामुळे या टाकाऊ मालाचे काय करावे याविषयीचे बहुतेक प्रयोग, कायदे आणि फसलेले हिशेबही त्याच दोन देशांतले आहेत. ज्याला कारखान्यासाठी यांपैकी एखादा मार्ग निवडायचा आहे, अशा व्यवस्थापकासाठी, गुंतवणूकदारासाठी किंवा उत्पादक संस्थेच्या पदाधिकाऱ्यासाठी या मार्गांची तुलना येथे केली आहे.

चक्रीय अर्थव्यवस्थेच्या, म्हणजे टाकाऊ माल पुन्हा वापरात आणण्याच्या, नावाखाली मांडले जाणारे सगळेच पर्याय सारखे चक्रीय नसतात, आणि ते ताडून पाहण्यासाठी एक साधी कसोटी हाताशी ठेवावी. शुद्ध पाम तेल हे जवळपास पूर्णपणे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे बनलेले असते. म्हणजे झाडाने हवा आणि पाणी यांतून घडवलेला माल आपण विकतो. जमिनीतून उचललेले पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम आणि नत्राचा मोठा वाटा तेलासोबत जात नाही. गिरीबरोबर काही नत्र व स्फुरद जाते, पण पालाश जवळजवळ सगळे रिकाम्या घडांत आणि सांडपाण्यात उरते. एक टन घडांत मूलद्रव्याच्या रूपात साधारण ३.७ किलो पालाश असते. त्यातील निम्म्याहून अधिक रिकाम्या घडांत जाते आणि उरलेल्यापैकी बहुतांश सांडपाण्यात विरघळते. इतकी पूर्ण परतफेड शक्य असलेली पिके फार थोडी आहेत. म्हणून प्रत्येक पर्यायाला दोन प्रश्न विचारावेत: हे पालाश शेवटी कुठे गेले, आणि हवेत मिथेन किती सुटला? बाजारभाव हा तिसरा प्रश्न आहे. तो महत्त्वाचा असला तरी क्रमाने तिसराच.

तुलना कागदावर नुसती तरंगत राहू नये म्हणून वर्षाला ३ लाख टन घड गाळणारा एक काल्पनिक कारखाना डोळ्यांसमोर ठेवू. त्याच्याकडे वर्षाकाठी सुमारे ६६,००० टन रिकामे घड, ३९,००० टन तंतू, १८,००० टन करवंटी आणि १,९५,००० घनमीटर सांडपाणी जमा होईल. पुढील सर्व आकडेमोड याच कारखान्याची आहे. प्रत्यक्ष कारखान्यात घडांची जात, हंगाम आणि यंत्रसामग्री यांनुसार आकडे वरखाली होतील, पण त्यांचे आपसांतील प्रमाण फारसे बदलणार नाही.

सांडपाणी: निर्णयाची सुरुवात इथूनच

घड रचून ठेवता येतात आणि करवंटी कोठारात महिनोन्महिने टिकते, पण सांडपाणी थांबत नाही. ते ८० ते ९० अंश सेल्सियसला, आम्लधर्मी अवस्थेत बाहेर पडते. त्याची जैव ऑक्सिजन मागणी (बीओडी), म्हणजे त्यातील घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू, प्रतिलिटर २५,००० मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि रासायनिक ऑक्सिजन मागणी त्याच्या दुप्पट. त्यात विषारी असे काही नसते, कारण प्रक्रियेत रसायने वापरली जात नाहीत. पण असे पाणी नदीत सोडले, तर नदीतील प्राणवायू संपतो. मलेशियाने १९७७ मध्ये या उद्योगासाठी खास नियम केले आणि बीओडीची मर्यादा १९७८ मधील प्रतिलिटर ५,००० मिलिग्रॅमवरून टप्प्याटप्प्याने १९८४ पर्यंत १०० मिलिग्रॅमवर आणली. या सहा वर्षांत उद्योग बंद पडला नाही, उलट वाढला, ही गोष्ट कडक नियमांना घाबरणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे मलेशियाच्याच सबाह व सारावाक या राज्यांत काही कारखान्यांसाठी हीच मर्यादा २० मिलिग्रॅमपर्यंत खाली आली.

पहिला पर्याय जुनाच आहे: उघड्या तलावांची मालिका. पाणी आधी थंड होते, मग ऑक्सिजनविरहित तलावांत कुजते, मग उथळ तलावांत हवा मिळून निवळते, आणि या प्रवासाला दोन-तीन महिने लागतात. जमीन भरपूर लागते, तळाचा गाळ ठराविक काळाने उपसावा लागतो, मात्र यंत्रे, वीज आणि कुशल मनुष्यबळ जवळजवळ लागत नाही. खर्चाच्या दृष्टीने याच्या तोडीचे दुसरे काही नाही. दोष एकच, पण मोठा आहे. कुजण्यातून निघणारा सगळा मिथेन सरळ हवेत जातो. एक घनमीटर सांडपाण्यापासून साधारण २८ घनमीटर बायोगॅस तयार होतो आणि त्यात ६० टक्क्यांच्या आसपास मिथेन असतो. आपल्या कारखान्याच्या हिशेबाने हे वर्षाला सुमारे २,२०० टन मिथेन झाले. शंभर वर्षांच्या कालावधीत जैविक मिथेनचा तापमानवाढीवरील परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट धरला जातो. त्या हिशेबाने केवळ उघड्या तलावांमुळे हा एक कारखाना वर्षाला जवळपास ६०,००० टन कार्बन डायऑक्साइडइतका भार हवेवर टाकतो. कारखान्याच्या एकूण हवामान-हिशेबात याहून मोठी बाब सहसा नसते, हे लक्षात घेतले म्हणजे इतर सर्व टाकाऊ मालाची चर्चा याच्यानंतर का करावी, हे स्पष्ट होते.

दुसरा पर्याय म्हणजे हाच वायू पकडणे. त्याचे दोन प्रकार आहेत. तलावावर जाड प्लास्टिकचे आच्छादन घालून वायू गोळा करणारा झाकलेला तलाव स्वस्त पडतो, आवक कमी-जास्त झाली तरी फारशी तक्रार करत नाही, पण जागा अधिक खातो, आणि आत साचलेला गाळ व वाळू काढणे हे त्याचे कायमचे दुखणे आहे. पोलादी टाकीतला, ढवळणी असलेला पाचक, म्हणजे हवा न लागू देता सांडपाणी कुजवणारे पात्र, कमी जागेत आणि अंदाजे १५ ते २० दिवसांत तेच काम करतो, त्यातील तापमान व आम्लता काबूत ठेवता येते, मात्र भांडवल कितीतरी जास्त लागते आणि जाणकार माणूस सतत हजर असावा लागतो. तेलताडाला वर्षभर घड येत असले, तरी काही महिने ऐन बहराचे असतात आणि काही मंदीचे. टाकी बहराच्या आवकेवर बेतली, तर मंदीत जीवाणू उपाशी राहतात, आणि मंदीवर बेतली, तर बहरात पाणी पुन्हा उघड्या तलावांत जाते. या एका कारणासाठी, जागा उपलब्ध असेल तर, पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्या कारखान्याने झाकलेला तलाव निवडावा, असे माझे मत आहे.

वायू पकडल्यानंतर त्याचे काय करायचे, याचे चार मार्ग आहेत आणि त्यांतील निवड जवळजवळ पूर्णपणे कारखान्याच्या भूगोलावर ठरते. नुसता जाळून टाकला, तरी हवामानाचा बहुतांश लाभ मिळतो, कारण मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो. उत्पन्न मात्र शून्य. इंजिनात घालून वीज केली, तर आपला कारखाना वर्षाला १.२ कोटी युनिटांच्या आसपास वीज देऊ शकेल, म्हणजे सरासरी १.४ मेगावॉट. तेलताडाचा कारखाना तंतू व करवंटी जाळून स्वतःची वाफ आणि वीज आधीच भागवत असतो, त्यामुळे ही वीज विकावी लागते, आणि विकायची तर वीजवाहिनी जवळ हवी. मलेशियात २०११ च्या नवीकरणीय ऊर्जा कायद्याने अशा विजेला हमीदर दिला, परंतु अनेक कारखाने मुख्य वाहिनीपासून इतके दूर आहेत की तारा ओढण्याचा खर्चच प्रकल्पावर पाणी फिरवतो. शिवाय या वायूत हायड्रोजन सल्फाइड हा क्षरणकारी वायू हजारो पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) घरात असू शकतो. तो धुऊन काढला नाही, तर इंजिन अकाली झिजते.

तिसरा मार्ग वायू शुद्ध करून, दाबून इंधन म्हणून विकण्याचा; मलेशियाच्या सेलांगोर राज्यातील सुंगाई तेंगी येथील कारखान्यात हा व्यापारी पातळीवर सुरू झाला. त्यासाठी जवळपास वायू घेणारा उद्योग हवा आणि दाबलेल्या सिलिंडरांची वाहतूक परवडायला हवी. चौथा मार्ग सर्वांत कमी चर्चिला जातो, पण वाहिनीपासून दूर असलेल्या कारखान्यासाठी मला तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो: वायू स्वतःच्याच बॉयलरमध्ये जाळायचा आणि त्यामुळे वाचलेली करवंटी विकायची. यात इंजिन नाही, वाहिनी नाही, शुद्धीकरणही जुजबी पुरते. करवंटी कोरडी, टिकाऊ आणि जहाजात भरण्याजोगी असल्यामुळे, दूरच्या कारखान्यातला वायू जणू घनरूपात बाजारात पोचतो.

बायोगॅसविषयी दोन गैरसमज निर्णय बिघडवतात. पहिला असा की पाचकातून बाहेर पडलेले पाणी स्वच्छ असते. ते तसे नसते. सेंद्रिय भाराचा मोठा हिस्सा निघून गेला, तरी १०० मिलिग्रॅमची मर्यादा गाठण्यासाठी पुढील प्रक्रिया लागतेच आणि तपकिरी रंगही टिकून राहतो. दुसरा असा की वायू काढला म्हणजे पाण्यातील खत संपले. जीवाणू मुख्यतः कार्बन घेतात, पालाश आणि बहुतांश नत्र पाण्यातच राहते. आपल्या कारखान्याच्या सांडपाण्यात वर्षाला सुमारे ४४० टन पालाश असते. हे पाणी नदीत सोडण्यायोग्य होईपर्यंत शुद्ध करत बसणे आणि त्याच वेळी बागेसाठी आयात पोटॅश विकत घेणे हा उफराटा व्यवहार आहे. इंडोनेशियाने २००३ मध्ये बीओडी ५,००० मिलिग्रॅमच्या आत आणलेले सांडपाणी बागेत सोडण्याला परवाना पद्धतीने मान्यता दिली, ती याच तर्काने. अर्थात भूजल उथळ असेल, जमीन वालुकामय असेल किंवा बाग नदीकाठी उतारावर असेल, तर हा मार्ग बंद समजावा.

मलेशियात २०१४ पासून नव्या आणि क्षमता वाढवणाऱ्या कारखान्यांना वायू पकडण्याची सोय करणे मलेशियन पाम तेल मंडळाने बंधनकारक केले आहे. तिथे नवा कारखाना उभारणाऱ्यापुढे 'करू की नको' हा प्रश्न उरलेलाच नाही. प्रश्न वायू कुठे वापरायचा एवढाच आहे.

रिकामे घड: खरी रस्सीखेच

सर्वांत जास्त कंपन्या, सर्वांत जास्त सादरीकरणे आणि सर्वांत जास्त निराशा रिकाम्या घडांभोवती आढळते. कारण साधे आहे: ते दिसतात भरपूर, पण त्यांच्या वजनाचा ६० ते ६५ टक्के भाग पाणी असतो. पूर्वी कारखाने ते भट्टीत जाळून राख बागेत टाकत. राखेत पालाश भरपूर असे, पण धुरामुळे ही पद्धत मागे पडली.

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे घड तसेच बागेत नेऊन झाडांच्या ओळींमध्ये आच्छादन म्हणून पसरणे. एक टन रिकाम्या घडांत साधारण ७ किलो युरिया, २.८ किलो रॉक फॉस्फेट, १९ किलो म्युरेट ऑफ पोटॅश (पालाशाचे खत) आणि ४.४ किलो कीसेराइट (मॅग्नेशियमचे खत) यांच्या तोडीची अन्नद्रव्ये असतात, असा उद्योगात रुळलेला हिशेब आहे. आपल्या कारखान्याच्या ६६,००० टन घडांत म्हणजे सुमारे १,२५० टन म्युरेट ऑफ पोटॅश दडलेले आहे. शिवाय मातीतला ओलावा टिकतो, सेंद्रिय कर्ब वाढतो आणि उतारावरची धूप कमी होते. हे लाभ खताच्या पोत्यातून मिळत नाहीत. कारखाना उभा करावा लागत नाही, तंत्रज्ञान शिकावे लागत नाही.

मग सगळेच हे का करत नाहीत? अडचण वाहतुकीची आहे. हेक्टरी ४० टन या नेहमीच्या मात्रेने ६६,००० टन घड १,६५० हेक्टरांत संपतात. पण ३ लाख टन ताजे घड ज्या बागांतून आले, त्यांचे क्षेत्र हेक्टरी २० टन उत्पादन धरले तरी १५,००० हेक्टर होते. म्हणजे दरवर्षी जेमतेम नवव्या हिश्शाला आच्छादन मिळते, आणि ओले, अवजड घड दूर नेणे परवडत नसल्याने हा हिस्सा वर्षानुवर्षे कारखान्याच्या अवतीभोवतीचाच राहतो. जवळच्या बागेत पालाशाचा सुकाळ आणि दूरच्या बागेत दुष्काळ, असे चित्र तयार होते. कागदावर चक्र पूर्ण झालेले असते, जमिनीवर ते तुटलेले असते. दुसरी अडचण गेंडा भुंग्याची. घड एका थरात न पसरता ढीग करून टाकले, तर त्यात या भुंग्याची अंडी-अळ्या फोफावतात आणि कोवळ्या झाडांचे कोंब पोखरले जातात. एका थरात पसरायला मजूर जास्त लागतात, आणि मजूरटंचाई असलेल्या बागेत नेमके हेच टाळले जाते.

कंपोस्ट हा मार्ग या दोन्ही अडचणींवर बऱ्याच अंशी उत्तर आहे. घड चिरून त्यांच्या लांबट राशी घालायच्या, त्यांवर सांडपाणी शिंपडायचे, यंत्राने उलथापालथ करायची, की दहा-बारा आठवड्यांत वजन निम्म्याच्या आसपास येते, कार्बन-नत्र गुणोत्तर खाली उतरते आणि माल चुरचुरीत, पसरायला सोपा होतो. कमी वजनात जास्त अन्नद्रव्ये असल्याने तो दूरच्या बागेपर्यंत नेता येतो. निसर्गाने इथे एक सोयीचा योग जुळवून ठेवला आहे: एक टन चिरलेल्या घडांच्या राशीतील उष्णता कंपोस्ट होईपर्यंत सुमारे तीन घनमीटर सांडपाणी उडवून लावू शकते, आणि कारखान्यातून हे दोन्ही पदार्थ जवळपास याच प्रमाणात बाहेर पडतात. तत्त्वतः एकही थेंब बाहेर न सोडणारा कारखाना यातून शक्य होतो.

व्यवहारात पाऊस आडवा येतो. तेलताड जिथे पिकतो, तिथे वर्षाला २,००० मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस पडतो. राशींवर छप्पर नसेल, तर पालाश धुऊन जाते, आणि ते पाणी गोळा करून पुन्हा फिरवावे लागते. छपराखाली ६६,००० टनांचे अंगण म्हणजे मोठी गुंतवणूक. राशी नीट उलथल्या नाहीत, तर आत ऑक्सिजन संपून मिथेन सुटू लागतो, म्हणजे तलावातला दोष अंगणात आला. नत्राचा काही भाग अमोनिया होऊन उडतो, तोही हिशेबात धरावा. तरीही स्वतःची मोठी बाग असलेल्या कारखान्यासाठी, आधी सांडपाण्यातून बायोगॅस आणि मग त्या पाचित पाण्याने घडांचे कंपोस्ट, ही जोडणी मला सर्वांत पूर्ण वाटते. तिच्यात ऊर्जा मिळते, मिथेन पकडला जातो आणि पालाश बागेत परततो. ती सर्वांत महागही आहे, आणि दोन वेगळी कौशल्ये एकाच वेळी सांभाळावी लागतात.

घडांपासून इंधनाच्या गोळ्या करून निर्यात करण्याचा प्रस्ताव घेऊन कोणी आले, तर त्याला सर्वप्रथम पालाशाविषयी विचारावे. घडांतील पालाश आणि क्लोरीन बॉयलरमध्ये राख वितळवतात, नळ्यांवर कडक थर चढवतात आणि धातू कुरतडतात. म्हणून खरेदीदार कमी भाव देतो किंवा घड धुऊन घेण्याची अट घालतो. धुतले तर नवे सांडपाणी. न धुतले तर १,२५० टन पोटॅशची निर्यात. त्यातच ६० टक्क्यांहून अधिक पाणी असलेला माल दळायचा, पिळायचा आणि सुकवायचा असल्याने ऊर्जेचा मोठा वाटा तयारीतच खर्ची पडतो. पोटॅश बाजाराने २०२२ मध्ये काय केले, हेही आठवावे. कॅनडा, रशिया आणि बेलारूस हे जगातील प्रमुख पुरवठादार आहेत. बेलारूसवरील निर्बंध आणि युक्रेनमधील युद्ध यांमुळे भाव कडाडले, तेव्हा ज्यांच्या बागेत रिकामे घड परत जात होते, त्यांना झळ कमी बसली. ज्या भावाने गोळ्या विकल्या जातात, त्यातून त्याच घडांतल्या पोटॅशची त्या वर्षीची किंमत वजा करून पाहिली, तर हा धंदा फार क्वचित टिकतो.

घडांपासून लांब तंतू काढून गाद्या आणि धूपरोधक चटयांसाठी विकणे हा लहान पण खरा बाजार आहे. चीन त्याचा मोठा गिऱ्हाईक राहिला आहे. हा बाजार मागणीवर झुलतो. एखादा हिस्सा तिकडे वळवायला हरकत नाही, सगळा कारखाना त्यावर बेतू नये.

करवंटी आणि तंतू: इथे विकण्याला हरकत नाही

करवंटीत पालाश कमी आणि उष्मांक जास्त, किलोमागे साधारण १७ ते १९ मेगाज्यूल. म्हणून मी सुरुवातीला मांडलेल्या कसोटीवर ती विकणे पूर्ण समर्थनीय ठरते. जपानने जुलै २०१२ मध्ये नवीकरणीय विजेसाठी हमीदर योजना सुरू केल्यानंतर तेथील जैवइंधन वीजकेंद्रांनी ही करवंटी मोठ्या प्रमाणावर आयात केली आणि कारखान्याच्या रस्त्यांवरील खड्ड्यांत भरली जाणारी वस्तू जहाजाने जाऊ लागली. आता खरेदीदार करवंटीच्या मूळ स्थानाचे प्रमाणपत्रही मागतात, तेव्हा विक्रीपूर्वी नोंदींची शिस्त लावून घ्यावी. करवंटीचा कोळसा आणि त्यापासून सक्रिय कार्बन करण्यात मूल्य अधिक आहे, पण ती स्वतंत्र उद्योगाची गोष्ट आहे. तेल कारखान्याने ती स्वतः करण्यापेक्षा असा उद्योग करणाऱ्याला करवंटी विकणे सोपे.

तंतू बॉयलरमध्येच जावेत. ते रिकाम्या घडांपेक्षा बरेच कोरडे असतात, जागेवरच असतात आणि वाफेसाठी लागणाऱ्या इंधनाचा कणा तेच आहेत. तेल निवळताना यंत्रात उरणारा घट्ट गाळ आणि बॉयलरची राख बागेत किंवा कंपोस्टमध्ये मिसळावी. राखेचा काँक्रीटमध्ये वापर यावर मलेशियात बरेच संशोधन झाले आहे, मात्र एका कारखान्याच्या राखेपुरता तो व्यवसाय उभा राहत नाही. साधारण पंचवीस वर्षांनी होणाऱ्या पुनर्लागवडीतील खोडे हा कारखान्याचा प्रश्न नसून बागेचा आहे. ती चिरून जमिनीतच कुजवली जातात, आणि तिथेही गेंडा भुंगा व खोड कुजवणारी गॅनोडर्मा बुरशी यांची भीती आहेच.

सांडपाण्यावरचे तेल आणि 'टाकाऊ'पणाची किंमत

सांडपाण्यावर तरंगणारे तेल गोळा करून विकणे हा अलीकडे सर्वांत आकर्षक दिसणारा पर्याय आहे. युरोपीय संघाच्या नवीकरणीय ऊर्जा निर्देशाच्या नवव्या परिशिष्टात पाम तेल कारखान्याचे सांडपाणी आणि रिकामे घड यांची गणना प्रगत जैवइंधनाच्या कच्च्या मालात होते. त्यामुळे या तेलाला भाव मिळतो, तो प्रसंगी चांगल्या कच्च्या तेलालाही मागे टाकतो. ही सवलत चांगल्या हेतूने दिली असली, तरी तिने एक विचित्र प्रलोभन निर्माण केले आहे. टाकाऊ तेल चांगल्या तेलाहून महाग झाले, की चांगले तेल टाकाऊ ठरवण्याचा मोह होतो. इंडोनेशियातून या नावाने होणारी निर्यात वाढत गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील सरकारने सांडपाण्यातील तेल व वापरलेले खाद्यतेल यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले.

निर्णय घेणाऱ्याने यातून दोन गोष्टी उचलाव्यात. सांडपाण्यात साधारण ०.६ ते ०.७ टक्के तेल असते, म्हणजे आपल्या कारखान्यातून वर्षाला अधिकाधिक १,२०० ते १,३५० टन, तेही सगळे निघाले तर. एखाद्या प्रकल्प अहवालात याहून अधिक तेल दाखवले असेल, तर अहवाल चुकीचा आहे किंवा कारखान्याची गाळणी. दुसरे म्हणजे, तेल आधी काढून घेतल्यास बायोगॅसचे उत्पादन घटते, कारण तेल हेच मिथेनचे उत्तम खाद्य आहे. दोन्ही प्रकल्पांच्या उत्पन्नाची बेरीज स्वतंत्रपणे मांडणारा सल्लागार तेच तेल दोनदा विकत असतो.

धोरणावर उभ्या असलेल्या उत्पन्नाची आणखी एक जुनी आठवण उद्योगात आहे. क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेखाली सांडपाण्यातून मिथेन पकडणारे अनेक प्रकल्प नोंदवले गेले आणि त्यांचे गणित कार्बन श्रेयांकांच्या, म्हणजे टाळलेल्या उत्सर्जनाबद्दल मिळणाऱ्या विक्रीयोग्य प्रमाणपत्रांच्या, विक्रीवर बसवले गेले. २०१२ च्या अखेरीस या श्रेयांकांचा भाव एका युरोच्याही खाली कोसळला. जे प्रकल्प विजेच्या किंवा वाचलेल्या इंधनाच्या बळावर उभे होते, ते त्यातून तगले. म्हणून श्रेयांक आणि परदेशी सवलती उत्पन्नात धराव्यात, पण त्या शून्य मानूनही कर्जाचे हप्ते फिटतात का, हे आधी पाहावे.

कोणत्या कारखान्याने काय निवडावे

स्वतःची मोठी बाग आणि जवळ वीजवाहिनी असेल, तर झाकलेल्या तलावातून वीज, पाचित पाण्याने कंपोस्ट आणि उरलेल्या करवंटीची विक्री, असा क्रम धरावा. भांडवल एकदम उभे राहत नसेल, तर आधी तलावावर आच्छादन घालून वायू जाळून टाकावा, घड तसेच पसरावेत, आणि इंजिन व कंपोस्टचे अंगण नंतर घ्यावे. वाहिनी दूर असेल, तर वायू बॉयलरमध्ये आणि करवंटी बंदरावर. लहान कारखान्याने, म्हणजे ज्याचे घड वर्षाला लाख टनांच्याही खाली आहेत अशाने, टाकी-पाचकाच्या वाटेला जाऊ नये. देखभालीचा खर्च क्षमतेच्या प्रमाणात कमी होत नाही.

स्वतःची बाग नसलेल्या, लहान उत्पादकांकडून घड विकत घेणाऱ्या कारखान्याची गोष्ट वेगळी आणि अधिक अवघड आहे. घडांचा भाव तेल आणि गिरीच्या उताऱ्यावर ठरतो. रिकाम्या घडातील पालाशाचा त्यात उल्लेखही नसतो. कारखान्याला त्या पालाशाची गरज नसते, म्हणून गोळ्यांचा प्रस्ताव त्याला गोड वाटतो. उत्पादकाला गरज असते, पण घड फाटकाच्या आत गेले, की त्यावर त्याचा हक्क उरत नाही. इथे तंत्रज्ञानाआधी खरेदी-करारात बदल हवा. ताजे घड घेऊन आलेला ट्रक बहुधा रिकामाच परततो. त्याच ट्रकमधून, आणलेल्या मालाच्या प्रमाणात, रिकामे घड किंवा कंपोस्ट परत नेण्याचा हक्क उत्पादकाला लेखी मिळावा. परतीच्या फेरीत भाडे जवळजवळ वाढत नाही, त्यामुळे आच्छादन कारखान्याभोवतीच्या वर्तुळात न अडकता ज्या बागेतून पालाश आले, तिथपर्यंत पोचते. करार करताना तीन कलमे घालायला विसरू नये: घड चोवीस तासांत उचलण्याची जबाबदारी कोणाची, ट्रकमध्ये पुन्हा ताजे घड भरण्यापूर्वी तो धुण्याचा खर्च कोणाचा, आणि बहराच्या महिन्यांत उचल कमी पडली तर उरलेल्या घडांचे काय करायचे.